गाडी असते तरी कुठे? जुन्या हार्लेच्या क्रमांकाचा इतिहास

अमेरिकेत जुन्या मोटरसायकली विकणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानात १९६५ सालची हार्ले-डेव्हिडसन आली, तर जाणकार गिऱ्हाईक रंग किंवा क्रोम पाहण्याआधी खाली वाकून इंजिनाच्या डाव्या अंगावरचा क्रमांक वाचते. कायद्याच्या दृष्टीने ती गाडी त्या क्रमांकातच असते. १९७० पूर्वीच्या हार्लेच्या फ्रेमवर ओळखक्रमांक नसे. मालकीच्या कागदावर इंजिनाचाच क्रमांक लिहिला जाई. आरसी बुकात इंजिन आणि चासी असे दोन क्रमांक पाहण्याची सवय असलेल्यांना हे चमत्कारिक वाटेल.

या व्यवस्थेतील फट रुंदावली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात कंपनीने लष्करासाठी डब्ल्यूएलए ही ७४० सीसीची गाडी सुमारे ९०,००० च्या संख्येने बनवली. त्यांपैकी ३०,००० हून अधिक सोव्हिएत संघाकडे गेल्या. युद्ध संपताच उरलेल्यांपैकी अनेक गाड्या स्वस्तात नागरिकांना विकल्या गेल्या. गंमत अशी, की १९४२ नंतर युद्ध संपेपर्यंत तयार झालेल्या गाड्यांच्या क्रमांकातही ‘४२’ हेच साल कायम ठेवले होते. म्हणजे १९४४ ची गाडी कागदावर १९४२ चीच!

या गाड्या विकत घेणाऱ्यांत लष्करातून परतलेले तरुण बरेच होते. त्यांनी मडगार्ड कापले, जड सामान उतरवले; त्यातून ‘बॉबर’ आणि पुढे ‘चॉपर’ घडली. आजच्या क्रूझरचे रूप बरेचसे या कापाकापीतून आले आहे. एका गाडीचे इंजिन, दुसरीची फ्रेम, तिसरीचे पुढचे फोर्क असा संसार थाटला जाई. इंजिन हलले की कागदही त्याच्यामागे जाई आणि मागे उरलेली फ्रेम बेवारस होई. कारागिराला सोयीची असलेली ही रीत चोरालाही तितकीच सोयीची होती.

‘ईझी रायडर’ या १९६९ च्या चित्रपटातील गाड्यांची कथा याच जातीची आहे. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले घेऊन क्लिफ वॉन्स आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी त्या घडवल्या. श्रेयनामावलीत मात्र दोघांचीही नावे आली नाहीत. एक गाडी चित्रीकरणात मोडली, बाकीच्या चोरीस गेल्या आणि बहुधा सुटे भाग होऊन बाजारात विरल्या. २०१४ मध्ये मोडलेली ती गाडी दुरुस्त केलेली म्हणून एक मोटरसायकल लिलावात आली. तिला १३ लाख ५० हजार डॉलरची बोली लागली आणि ती खरी की नक्कल यावर मोठा वाद पेटला.

१९७० पासून कंपनीने फ्रेमवरही क्रमांक ठोकण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसेल, तर चांगला माल बाजारातून हळूहळू हद्दपार होतो. १९८१ च्या मॉडेलांपासून १७ चिन्हांचा प्रमाणित क्रमांक सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वर्ज्य आहेत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी गफलत करवतात. नववे चिन्ह पडताळणीचे. बाकीच्या चिन्हांवरून गणिताने ते काढता येते.

विक्रेत्यावरील बंधने मात्र दुचाकीपर्यंत पोहोचलीच नाहीत. जुन्या मोटारीवर हमी आहे की नाही हे सांगणारा कागद चिकटवण्याचे बंधन अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने १९८५ पासून लागू केले. त्या नियमातून मोटरसायकली स्पष्टपणे वगळल्या आहेत. उलट, क्रमांक खोडलेला आढळला तर कॅलिफोर्नियात पोलीस गाडी जप्त करू शकतात, आणि तेव्हा पैसे बुडतात ते बहुधा शेवटच्या गिऱ्हाइकाचे.

म्हणून १९७० पूर्वीची हार्ले घेणारे आणखी खाली पाहतात. इंजिनाच्या क्रँककेसचे दोन अर्धे असतात आणि दोन्हींच्या पोटाशी कारखान्यात एकच जुळणारा क्रमांक ठोकलेला असे. दोन क्रमांक निराळे निघाले, तर एक अर्धा दुसऱ्या गाडीचा आहे हे उघड होते. तो वाचण्यासाठी आरसा, विजेरी आणि चिंधी लागते, शिवाय गाडीखाली शिरू देणारा दुकानदारही.