‘मूळ’ छायाचित्र कुठले?

गाझा शहरातली अरुंद गल्ली. कफनात गुंडाळलेली दोन लहान मुलं हातांवर घेऊन पुरुष चालले आहेत. स्वीडिश छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये टिपलेल्या या चित्राला पुढच्याच वर्षी ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि मे महिन्यात आरोप झाला, की हे जोडकाम आहे. संस्थेने तज्ज्ञांकडून कॅमेऱ्यातली कच्ची, म्हणजे ‘रॉ’ फाइल तपासून घेतली. निष्कर्ष असा : जोडकाम नाही, रंग आणि उजेड-सावलीच्या छटा मात्र बदललेल्या आहेत.

मग कच्ची फाइल हेच मूळ म्हणायचे का? पण ती तर अजून चित्रच नसते! कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले. बहुतेक डिजिटल कॅमेरे आजही तीच वापरतात. तिच्यात दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा प्रकाश मोजतात, एक लाल, एक निळा. म्हणजे प्रत्येक बिंदूवर एकच रंग नोंदला जातो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून गणिताने भरायचे. पांढरे कशाला म्हणायचे, हेही मागाहून ठरते. चौदा बिटांच्या फाइलीत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. छायाचित्रकाराने ठरवले नाही, तर कॅमेरा बनवणाऱ्या अभियंत्याने ते आधीच ठरवलेले असते.

अंधारखोलीत तरी वेगळे काय होते? अॅन्सेल अॅडम्स निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रिंटला तिचे सादरीकरण मानत. त्यांच्या १९४१च्या ‘मूनराइज’च्या सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश फिकट आहे, पुढे त्याच निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटांत ते जवळजवळ काळे झाले. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमधल्या ‘डॉज’ आणि ‘बर्न’ या अवजारांची नावेही अंधारखोलीतूनच आलेली.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘रॉयटर्स’ने मुक्त छायाचित्रकारांना कळवले, की रॉ फाइलवरून तयार केलेली चित्रे पाठवू नका, कॅमेऱ्याने स्वतः बनवलेली जेपेगच पाठवा. कारणे दोन : वेग आणि सचोटी. वेगाचे पटते. सचोटीचे तितकेसे नाही, कारण निर्णय छायाचित्रकाराकडून काढून यंत्राकडे दिला, एवढेच झाले.

तरीही हॅन्सन यांचे चित्र पाहताना मी अडखळतो. एकही बिंदू उपरा नाही, हे मान्य. पण त्या चेहऱ्यांवरचा उजेड चित्रपटाच्या पोस्टरवर असतो तसा आहे, आणि त्या काकांच्या दुःखाला त्याची गरज नव्हती.