परभणीचे नाव दूरवर नेणारी भेंडी

एखाद्या विद्यापीठाचे नाव निघाले, की तिथून शिकून मोठे कोण झाले, असे आपण सहज विचारतो. उत्तरात मंत्री, सनदी अधिकारी, कुलगुरू यांची नावे येतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचीही अशी यादी होईल. पण आम्हाला विचाराल, तर १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून बाहेर पडून फार दूर पोचलेले एक नाव माणसाचे नाही. ते भेंडीचे आहे : ‘परभणी क्रांती’.

भेंडीवर हळद्या पडला, की पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळे पानच पिवळे पडते. फळे खुरटी आणि फिकट येतात. रोग विषाणूचा, आणि तो पसरवते पांढरी माशी. विषाणू मारणारे औषध नाही. दिल्लीहून आलेली ‘पुसा सावनी’ सुरुवातीला या रोगापुढे टिकली, पुढे तीही बळी पडू लागली.

परभणीचे डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीच्या एका नातेवाईक जातीकडे, ‘ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट’कडे, पाहिले. हिला रोग होत नव्हता. १९८१ साली त्यांनी दाखवले, की ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकाची आहे. मेंडेल शिकवताना हे उदाहरण वाटाण्याइतकेच उपयोगी पडेल. अडचण अशी, की दोन जातींच्या संकरात बी नीट धरत नाही, आणि संकराबरोबर नको ते गुणही येतात. म्हणून संकराचा संकर पुन्हा पुन्हा ‘पुसा सावनी’शीच करायचा. परक्या जातीचा वाटा सरासरीने निम्मा, मग पाव, मग अष्टमांश असा घटत जातो. जनुक प्रभावी असल्याने निरोगी झाड दर पिढीत ओळखू येते. तेवढे ठेवायचे, बाकीचे उपटायचे. ऐकायला सोपे, पण यात हंगामामागून हंगाम जातात.

१९८० च्या दशकाच्या मध्यास हे वाण शेतकऱ्यांपर्यंत आले. नेरकर पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, म्हणजे यादीत बसलेच! विषाणूही बदलत असतो. पुढे अनेक ठिकाणी ‘परभणी क्रांती’वरही हळद्या दिसू लागला. तरी ही भेंडी लावणारे आजही आहेत. ती संकरित नाही, सरळ वाण आहे. त्यामुळे चांगली झाडे निवडून बी घरीच धरता येते. बियाण्याच्या पाकिटावर गावाचे नाव असते, जांभळे-नेरकरांचे नसते.