रंगव्यवस्थापन, अंकीय छायाचित्रांतील

कॅमेरा, संगणकाचा पडदा व मुद्रणयंत्र या भिन्न साधनांवर एकाच छायाचित्राचे रंग शक्य तितके सारखे दिसावेत, यासाठी केलेली योजना. अंकीय छायाचित्रात प्रत्येक चित्रघटकाचा (पिक्सेलचा) रंग तांबडा, हिरवा व निळा यांच्या प्रमाणदर्शक तीन संख्यांनी नोंदतात. ८ बिट पद्धतीत या संख्या ० ते २५५ असतात. ‘२५५, ०, ०’ ही नोंद साधनाचा सर्वांत तीव्र तांबडा दर्शविते. मात्र तो तांबडा साधनागणिक वेगळा असतो. ही संदिग्धता दूर होण्यास बराच काळ लागला.

तिचे मूलभूत उत्तर संगणकापूर्वीच तयार होते. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट व जॉन गिल्ड यांनी १९२०–३० या दशकात अवघ्या सतरा निरीक्षकांच्या साहाय्याने रंगजुळणीचे प्रयोग केले. त्यांवरून आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये साधननिरपेक्ष रंगमापनाचे मानक ठरविले. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र १७६ × १७६ चित्रघटकांत संगणकात उतरविले. त्यात रंगाचा प्रश्नच नव्हता.

मोठ्या मुद्रणालयांत क्रमवीक्षक (स्कॅनर) व मुद्रणयंत्र एकाच छताखाली असत आणि अनुभवी कारागीर त्यांचा मेळ घालीत. १९९० मध्ये फोटोशॉप ही आज्ञावली विक्रीस आली. वैयक्तिक संगणकांच्या प्रसाराने छायाचित्रे अनोळखी यंत्रांवर जाऊ लागली व हा मेळ तुटला. म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघ (आयसीसी) स्थापन केला. त्याच्या योजनेत प्रत्येक साधनाचे गुणवर्णन ‘प्रोफाइल’ या लहान फाइलीत असते. एका साधनाच्या संख्या आधी १९३१ च्या मानकावर आधारलेल्या रंगावकाशात व तेथून दुसऱ्या साधनाच्या संख्यांत बदलल्या जातात. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकर्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी सुचविलेला एसआरजीबी हा रंगावकाश १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. १९९८ चा अडोबी आरजीबी हिरव्या व निळसर हिरव्या छटांत त्याहून विस्तृत आहे. विस्तृत अवकाश नेहमीच श्रेयस्कर, ही समजूत मात्र चुकीची होय : त्यातील छायाचित्र प्रोफाइल काढून पाठविल्यास बहुधा एसआरजीबी समजून वाचले जाते व फिके दिसते.

प्रोफाइल ‘जोडणे’ व प्रोफाइलमध्ये ‘रूपांतर करणे’ या क्रियांची गल्लत फार होते. पहिलीत संख्या कायम राहून रंग बदलतो. दुसरीत रंग शक्यतो कायम राहून संख्या बदलतात. चुकीची प्रोफाइल जोडलेल्या चित्राचे पुढे रूपांतर करून ते जतन केले व मूळ फाइल नष्ट झाली, तर खरा रंग कोणता होता हे फाइलीवरून सांगता येत नाही. संग्रहालयांच्या अंकीय प्रतींत मूळ प्रत व रंगपट्टी जपतात ती याकरिताच.

आकारबदलाशीही प्रोफाइलचा संबंध आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. ३,००० चित्रघटक रुंदीचे चित्र इंचाला ३०० या प्रमाणात १० इंच छापले जाते. केवळ हे प्रमाण बदलल्यास चित्रघटक तेच राहतात. पुनर्नमुन्यात मात्र शेजारील चित्रघटकांवरून नवे मूल्य काढतात. यासाठी रॉबर्ट कीझ यांनी १९८१ मध्ये मांडलेली घन अंतर्वेशनाची पद्धत रूढ आहे. नोंदलेल्या संख्या प्रकाशाच्या समप्रमाणात नसतात. त्यांचे नाते प्रोफाइल सांगते. काळ्या (०) व पांढऱ्या (२५५) ठिपक्यांची नुसती सरासरी सुमारे १२८ येते, परंतु निम्म्या प्रकाशाची एसआरजीबीतील संख्या सुमारे १८८ आहे. त्यामुळे प्रकाशप्रमाणात रूपांतर न करता लहान केलेल्या चित्रात बारीक उजळ तपशील, उदा., रात्रीच्या शहरातील दिवे, मंदावतात.