शाळकरी स्वयंसेवकांचा गौरव: बिल्ला, तास आणि गुण

शाळेत शिकणाऱ्या मुलांनी समाजासाठी केलेल्या कामाचा रीतसर गौरव करण्याची प्रथा भारतात स्काउट चळवळीबरोबर रुजली. इंग्लंडमध्ये 1907 साली बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले स्काउट शिबिर भरवले आणि दोनच वर्षांत, 1909 मध्ये, बंगळूरला पहिले पथक उभे राहिले. ही पथके मात्र युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी 1916 साली मद्रासमध्ये अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी स्वतंत्र संघटना काढली. त्याच सुमारास अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समितीची स्काउट संघटना आकाराला आली. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते आणि पुढे दीर्घकाळ त्याचे अध्यक्षही राहिले. सेवा हे आयुष्यभराचे व्रत मानणाऱ्या या संस्थेचा संस्कार अलाहाबादच्या पोरांपर्यंत पोचला तो असा. कुंभमेळ्यात हरवलेल्यांना शोधणे, पाणी पाजणे, घाटावर गर्दी आवरणे ही कामे सेवा समितीच्या स्वयंसेवकांनी केली. साहेबाने नाकारलेल्या मुलांनी आपली लायकी अशा कामातून सिद्ध केली.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या निरनिराळ्या स्काउट संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी एकत्र आल्या आणि ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मली. मुलींची गाइड संघटना 15 ऑगस्ट 1951 रोजी तिच्यात सामील झाली. गौरवाची जी पायऱ्यापायऱ्यांची रचना या संस्थेने बसवली, ती मराठी शाळांमध्येही अनेक पिढ्यांच्या ओळखीची आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक सोपानाला ठरावीक कसोट्या. दोरीच्या गाठी मारता आल्या पाहिजेत, प्रथमोपचार यायला हवा, नकाशा वाचता आला पाहिजे, शिबिरात चूल पेटवून स्वयंपाक करता आला पाहिजे. त्यांच्याच जोडीला सेवेचे काम. गळ्यातला स्कार्फ, डाव्या हाताचे हस्तांदोलन आणि रोज एक तरी सत्कृत्य करण्याचा नेम, हे सगळे त्याच शिस्तीचे भाग.

या रचनेतली ‘खरी कमाई’ विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वर्षातून एकदा गणवेशातली मुले घरोघर आणि दुकानोदुकानी जातात, काम मागतात आणि मिळेल त्या मोबदल्यावर ते करून देतात. कुणाचे अंगण झाडायचे, कुणाची सायकल पुसायची, कुणाला दळण आणून द्यायचे. पैसे घ्यायचे ते कष्टाचे, देणगी म्हणून नव्हे. मिळकतीची नोंद होते आणि ती रक्कम पथकाच्या व सेवेच्या कामी जाते. शाळेतल्या गौरवाच्या साऱ्या पद्धतींमध्ये ही सर्वांत निकोप म्हणावी लागेल, कारण इथे मुलाच्या कामाला पहिली पावती देतो तो शेजारी. शाळेचा शिक्का त्यानंतर उमटतो.

शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय सन्मानाची सुरुवातही एका स्काउटमुळेच झाली. 2 ऑक्टोबर 1957 रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू कार्यक्रम पाहायला आले होते. मान्यवरांच्या बैठकीजवळ स्वयंसेवक म्हणून नेमलेल्या मुलांमध्ये 14 वर्षांचा हरिश्चंद्र मेहरा होता. आतषबाजीची ठिणगी शामियान्यावर पडली आणि कापडाने पेट घेतला. हरिश्चंद्र सुमारे वीस फूट उंच खांबावर चढला आणि कमरेच्या स्काउट-चाकूने त्याने जळते कापड कापून वेगळे केले. त्यात त्याचे हात भाजले. या घटनेने नेहरू भारावले आणि भारतीय बालकल्याण परिषदेकडून मुलांसाठी राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू झाले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात हत्तीवर बसून जाणारी पुरस्कारविजेती मुले पुढे साऱ्या देशाच्या परिचयाची झाली. मात्र या पुरस्काराने सन्मान केला तो एका क्षणाच्या धाडसाचा. तो मुलगा त्या जागी होता तो नेमून दिलेली सेवा करत होता म्हणून, हा भाग मागे पडला. वर्षानुवर्षे शांतपणे केलेल्या सेवेसाठी तेवढ्या तोलामोलाचा राष्ट्रीय सन्मान यायला बराच काळ जावा लागला.

दरम्यान सरकारी पातळीवर वेगळाच विचार चालू होता. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांची राष्ट्रसेवा ऐच्छिक असावी असे सुचवले होते. 1959 साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर अर्थमंत्री आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असलेल्या देशमुखांच्या समितीने धाडसी शिफारस केली: माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी. हेतू उदात्त होता. पण खर्च आणि व्यवस्थेचा डोंगर समोर उभा राहिला. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यिदेन यांनी अनेक देशांतल्या योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिकच ठेवावी असा निष्कर्ष काढला. तो योग्यच होता. जे सगळ्यांना करावेच लागते, त्यात कुणाचे मोठेपण उठून दिसत नाही, आणि गौरवाला आधारच उरत नाही.

सक्तीचा अनुभव देशाला दुसऱ्या वाटेने आलाच. कुंझरू यांच्याच समितीच्या शिफारशीवरून 1948 साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली होती. चीन युद्धानंतर, 1963 मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती सक्तीची झाली आणि 1968 मध्ये ती सक्ती उठवावी लागली. छात्रसेनेला पर्याय शोधण्याच्या खटपटीतूनच राष्ट्रीय सेवा योजना आली. कोठारी शिक्षण आयोगानेही शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवेची जोड हवी असे म्हटले होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत योजनेचा आरंभ केला. पहिल्या वर्षी सुमारे 40,000 विद्यार्थी त्यात आले. कोणार्कच्या रथाचे चाक हे तिचे बोधचिन्ह ठरले.

योजना महाविद्यालयांपासून सुरू झाली आणि पुढे अकरावी-बारावीच्या वर्गांपर्यंत आली. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयांत ती याच रूपात दिसते. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, असा हिशेब. सुरुवातीच्या शिबिरांचे विषय काळाच्या गरजेतून आले. 1973 मध्ये ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय ठरला तेव्हा महाराष्ट्र 1972 च्या भीषण दुष्काळात होरपळत होता. ‘श्रमसंस्कार शिबिर’ हा शब्द इथल्या गावांना चांगलाच परिचित आहे: मुले शाळेच्या खोल्यांत मुक्कामाला, सकाळी बांधावर किंवा गटारावर टिकाव-घमेले, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी पारावर पथनाट्य. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते प्रमाणपत्रे दिली जातात आणि अनेकांच्या आयुष्यातला हाच पहिला सत्कार असतो.

तासांची नोंद ही योजनेची ताकद तशीच तिची दुबळी बाजू. नोंदवहीमुळे लाखो मुलांच्या कामाला एकसारखे माप मिळाले. पण वही तास सांगते. एखाद्या मुलीने वस्तीतल्या आजीला अक्षरओळख करून देण्यात घालवलेला तास आणि फलक धरून उभे राहण्यात गेलेला तास, दोन्ही तिथे सारखेच. याच काळात शाळांमध्येही हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ शालेय अभ्यासक्रमाच्या गाभ्याशी ठेवावे असे सुचवले. वर्ध्याला 1937 मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीम या श्रमाधारित शिक्षणविचाराचाच हा वारसा होता. पण विषय झाला की श्रेणी आली, आणि श्रेणी सगळ्यांनाच द्यायची म्हटल्यावर बहुतेक शाळांत हे काम कागदी फुले आणि फाइलींपुरते उरले. खेळ, छात्रसेना आणि स्काउट-गाइड यांच्यासाठी मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांनी मुलांना या उपक्रमांकडे ओढले खरे. पालकांच्या तोंडी मात्र ‘किती गुण मिळतील’ हाच प्रश्न राहिला.

सेवेचा स्वतंत्र राष्ट्रीय सन्मान राष्ट्रीय सेवा योजनेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, 1993-94 मध्ये, सुरू झाला. सुरुवातीला इंदिरा गांधी यांच्या नावाने दिल्या गेलेल्या या पुरस्कारांत विद्यापीठ, कार्यक्रम अधिकारी आणि स्वयंसेवक अशा वेगवेगळ्या गटांचा विचार होतो. कार्यक्रम अधिकाऱ्याला त्यात जागा आहे ही मोठी रास्त गोष्ट. रविवारी सुट्टी सोडून मुलांना गावात नेणाऱ्या शिक्षकाशिवाय यातले काहीच उभे राहत नाही.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कारात समाजसेवा हा आता स्वतंत्र विभाग आहे. 1957 मध्ये शौर्याला मिळालेले स्थान इथे सेवेलाही मिळाले. नामांकनाची पद्धत मात्र पार बदलली आहे. स्काउटच्या सोपानात मुलाचे काम पाहणारा पथकनायक रोज त्याच्यासोबत असे. इथे कुणीही नाव सुचवू शकते, मूल स्वतःही अर्ज करू शकते, आणि ऑनलाइन दाखल झालेल्या कागदपत्रांवरून निवड समिती निर्णय घेते.