तळटीप : नायोबी

नायोबी (‘हॅम्लेट’, अंक १, प्रवेश २) : थीब्जची राणी, टँटलसची मुलगी. मला १४ मुले आणि लेटो देवीला दोनच, असा तोरा तिने मिरवला. (१४ हा ओव्हिडचा आकडा, होमर १२ मोजतो.) लेटोची ती दोन मुले म्हणजे अपोलो आणि आर्टेमिस! ओव्हिडच्या कथेत नायोबीचे एकही मूल त्यांच्या बाणांतून वाचत नाही. रडता रडता तिची शिळा होते, तरी पाझर थांबत नाही. तुर्कस्तानात मनिसा शहरालगतच्या डोंगरावर ‘नायोबीची शिळा’ आजही दाखवतात.

ओव्हिडचे हे काव्य गोल्डिंगच्या १५६७ च्या इंग्रजी भाषांतरातूनही शेक्सपिअरला परिचित होते. हॅम्लेट स्वगतात, नवऱ्याच्या अंत्ययात्रेत रडणाऱ्या आपल्या आईला, राणी गर्ट्रूडला, नायोबीची उपमा देतो; त्या उपमेतला डंख मात्र शेक्सपिअरचा स्वतःचा. नायोबीचे डोळे दगड होऊनही ओले राहिले. गर्ट्रूडचे महिन्याभरात कोरडे झाले आणि तिने दिराशी लग्न लावले. शिवाय नायोबी रडली ती मुख्यतः मुलांसाठी. इथे मुलगा जिवंत आहे आणि आईच्या अश्रूंचा हिशेब मांडतो आहे. ‘अखंड रडणारी बाई’ एवढाच अर्थ घेतला तर हा उपरोध हातचा जातो. याच स्वगतातील हायपेरिअन व हर्क्युलिस यांच्यासाठी पुढील टिपा पाहाव्यात.