वॉचमनच्या खोलीतली पाचर

सोसायटीच्या 25 वर्षांतलं काही लिहा, असं सेक्रेटरी म्हणाले. मला वॉचमनच्या खोलीत टांगलेली लाकडी पाचर आठवली. तिचा इतिहास माझ्यापासूनच सुरू होतो.

2012 चा मे महिना, नांदेडचं ऊन. माझ्या शेरूनं, तो पिटबुलचा संकर, पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या पिल्लाचा पाय धरला. कुणी काठी मारली, कुणी ओढलं. तो आणखीच आवळत गेला. बी-विंगमधले निवृत्त पशुवैद्य काका धावत आले. "ओढू नका, जखम फाटते. मागून मांड्यांत दाबा, पट्टा धरा." सुताराची पाचर दाढांमागे घालून त्यांनी फिरवली. जबडा सुटला.

काकांनीच मग सांगितलं, इंग्लंडात बैलांवर कुत्रे सोडायचा खेळ चाले. 1835 च्या कायद्यानं तो बंद झाला, पण धरलेलं न सोडणाऱ्या जाती राहिल्या. आपल्याकडे प्राण्यांच्या झुंजी लावणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. लातूरकडचा कारवान पळून शिकार धरणारा. त्याच्यासाठी ही पाचर नाही. चावा बदलणाऱ्या कुत्र्यापुढे ती नेली तर आपलाच हात सापडतो.

काकांच्या सांगण्यावरून शेरूला 'सोड' शिकवलं. तोंडातला चेंडू सोडला की खाऊ, आणि चेंडूही परत. हे पिल्लूपणीच करायला हवं होतं. शेजाऱ्यांचं पिल्लू जन्मभर लंगडलं. वहिनी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाचर त्यानंतर खुंटीवरून उतरली नाही. नवीन कुत्रा आणणाऱ्यांनी ती एकदा पाहून जावी.