कोल्हापुरातल्या लेथवरचा कॅमेरा

दादासाहेब फाळके चित्रपट काढायला निघाले तेव्हा त्यांच्या गाठीशी बरंच काही होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण, बडोद्याच्या कलाभवनातली वर्षं, छायाचित्रणाचा आणि छपाईचा अनुभव. एवढं असूनही १९१२ साली ते लंडनला गेले, तिथे तंत्र समजून घेतलं आणि विल्यमसन कॅमेऱ्यावर काम उभं केलं. १९१३च्या मे महिन्यात मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. तो पाहून भारावलेल्यांत कोल्हापूरचे दोन चित्रकार होते: आनंदराव पेंटर आणि त्यांचे धाकटे भाऊबंद बाबूराव.

आपणही सिनेमा काढायचा, असं या दोघांनी मनावर घेतलं. पण कुठल्या बळावर? बाबूरावांचा जन्म १८९०चा, कोल्हापुरातल्या कारागीर मेस्त्री घराण्यातला. शाळेचं शिक्षण बेताचं. विलायत तर सोडाच, कलाशाळेचा उंबराही त्यांनी ओलांडलेला नव्हता. हात मात्र तयार होता. नाटक मंडळ्यांसाठी ते पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता अशी दृश्यं त्या पडद्यांवर अशी उतरत की लांब बसलेल्या प्रेक्षकाला खोली जाणवावी. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या नाटक मंडळ्यांत या कामाचं नाव होतं. चांगली चाललेली, मानाची कमाई होती. ती सोडून कोणी न शिकवलेल्या धंद्यात उतरायचं म्हटल्यावर मनात शंका येणं साहजिकच होतं.

कॅमेरा विकत घेणं आवाक्यातलं नव्हतं. मग तो घरीच करायचा ठरलं.

त्या काळच्या कॅमेऱ्याच्या पोटात काय चालायचं हे पाहिलं की या निर्णयाचं वजन कळतं. फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात. एक छोटी नखी त्या छिद्रांत शिरते, फिल्म एका चौकटीइतकी खाली ओढते आणि बाहेर निघते. फिल्म सरकत असते तेवढा वेळ फिरती झडप भिंगामागे येऊन प्रकाश अडवते. फिल्म थांबली की झडप उघडते आणि चित्र उमटतं. हे सारं सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा, तेही हाताने दांडा फिरवून. नखीचा ठोका केसभर चुकला तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. झडपेचा मेळ बसला नाही तर चित्र पुसट येतं. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला एक प्रोजेक्टर त्यांना इथे उपयोगी पडला. प्रोजेक्टरचं काम उलट दिशेचं, पण फिल्म थांबत थांबत ओढण्याची करामत तीच. तो खोलून, एकेक भाग न्याहाळून त्यांनी आपला कॅमेरा घडवायला घेतला.

काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव गेले.

या टप्प्यावर बाबूराव पुन्हा पडद्यांकडे वळले असते तर कोणी नावं ठेवली नसती. जोडीतला थोरला, पुढाकार घेणारा माणूस गेला होता. तरीही त्यांनी हात आवरला नाही. त्यांच्या हाताखाली शिकणारे विष्णुपंत दामले लेथवर मदतीला होते आणि १९१८ साली कॅमेरा पुरा झाला. मनातली शंका आधी मिटते आणि मग माणूस कामाला लागतो, असं या हकिगतीत कुठे दिसत नाही. दिसतं ते इतकंच, की जे येत नव्हतं त्याचे तुकडे पाडून बाबूरावांनी ते येणाऱ्या कामांत बसवलं. यंत्राला कारागिराचा हात आणि दृश्याला चित्रकाराची नजर. या माणसाचं मोठेपण मला इथे दिसतं.

पैशाचा प्रश्न गायिका तानीबाई कागलकरांनी सोडवला. त्यांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. सिनेमाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव फार ओझरतं घेतलं जातं, याची खंत वाटते. जो धंदा अजून धंदा म्हणून सिद्धच झाला नव्हता, त्यात एका बाईने आपली पुंजी घातली होती.

पहिल्या चित्रपटासाठी निवडली ‘सैरंध्री’ची कथा. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने बंदी घातली होती. हे कथानक तेच. स्त्रीभूमिका पुरुषांना न देता बायकांनीच कराव्यात, असा बाबूरावांचा आग्रह. गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या, पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. समाजाने त्यांना दूर लोटलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारात राहावं लागलं. धाडसाचा हिशेब मांडायचा तर त्यांचं पारडं बाबूरावांपेक्षा जड भरेल. बाबूरावांना अपयशाचं भय होतं. या दोघींना यश मिळालं तरी बोल चुकणार नव्हता.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. कीचकाच्या वधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की सरकारने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं.

पुढची वाट बाबूरावांनी स्वतःच बदलत नेली. पुराणकथा चालत असताना १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, त्यात कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडणाऱ्या शेतकऱ्याला पडद्यावर आणलं, तरुण शेतकऱ्याचं काम केलं कंपनीतच घडलेल्या व्ही. शांताराम यांनी. जाहिरातीची भित्तिपत्रकंही बाबूराव आपल्या हातांनी रंगवत.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या सहकाऱ्यांनी कंपनी सोडली आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूराव चित्र-शिल्पांत रमले, अधूनमधून चित्रपटही करत राहिले. १९५४ साली ते गेले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याचे दिग्दर्शक होते दामले आणि फत्तेलाल. दोघेही बाबूरावांच्या हाताखाली शिकलेले.